तिन्ही मतं ऑर्व्हिलला

ड्राय फोर्क, दक्षिण इलिनॉय
११ जुलै १९६३

प्रिय झिग्गी,

पीचची तोडणी चालू आहे. हात चिकट, कंबर मोडलेली. तरी लिहायला बसलो, कारण बर्निस म्हणाली की तुमची चिडचिड घरात सांडण्यापेक्षा त्या शिकागोवाल्याला कळवा, त्याला सवय आहे.

गव्हर्नरनं मतदारसंघांचा नवा नकाशा फेटाळला ते तू वाचलं असशील, आणि बहुधा आनंदानं वाचलं असशील. तुम्हा डेमोक्रॅटांना त्यात शिकागोवर अन्याय दिसत होता, आम्हा रिपब्लिकनांना न्याय. आता दहा जणांची समिती बसणार, पाच तुमचे, पाच आमचे. त्यांचंही जमलं नाही, तर पुढच्या वर्षी मतदारसंघच उरणार नाहीत. सभागृहाचे सगळे एकशे सत्त्याहत्तर प्रतिनिधी अख्ख्या राज्यानं मिळून निवडायचे. शिकागोपासून आमच्या ओहायो नदीपर्यंत प्रत्येकानं प्रत्येकाला. हसू नकोस, कायद्यात तसंच लिहिलंय.

तसं झालं तर माझं काय होईल ते तुला ठाऊक आहे. आमच्या भागातल्या तीन जागांपैकी दोन कायम तुमच्या पक्षाच्या. तिसरी माझी, कारण मतदाराला मतं तीन आणि हवी तर तिन्ही एकाच माणसाला देता येतात. मी पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा घरोघर जाऊन लोकांना हे शिकवलं होतं. वीस वर्षं झाली, इथले शेतकरी माझ्या नावापुढे पेन्सिलीनं ‘३’ लिहितात आणि घरी जातात. आता आया पोरांना शिकवतात. चर्चच्या जेवणात कुणी ताट पुढे करून ‘तिन्ही ऑर्व्हिलला’ म्हणालं, की समजायचं त्याला पीचच्या गोड ‘पाय’चा मोठा तुकडा हवाय.

त्या आकड्याच्या जोरावर मी राजधानीत, स्प्रिंगफिल्डला येतो, मिसेस क्विगलीच्या भाड्याच्या खोलीत तुझं घोरणं सोसतो आणि पुलासाठी भांडतो. ओढ्यावरचा आमचा लाकडी पूल तुला तोंडपाठ झाला असेल. शाळेची बस अलीकडे थांबते, मुलं उतरून चालत पलीकडे जातात, मग रिकामी बस जीव मुठीत धरून पार होते आणि मुलं पुन्हा चढतात. या अधिवेशनात लोखंडी पुलाचे पैसे खर्च समितीच्या दारापर्यंत पोचले. पुढच्या वेळी नक्की, असं अध्यक्ष म्हणालेत. पुढच्या वेळी मी तिथे असायला हवा, एवढंच.

तुमच्या पाच जणांपैकी कुणी ओळखीचं असेल तर सांग, थोडं सैल सोडा म्हणावं. आमच्यांना मी सांगतोच आहे.

कागदाला पीच लागलाय, माफ कर.
ऑर्व्हिल


शिकागो
२० डिसेंबर १९६३

प्रिय ऑर्व्हिल,

उशीर झाला. नोव्हेंबरच्या त्या शुक्रवारी राष्ट्राध्यक्षांना गोळी घातल्यानंतर आमच्या गल्लीत कुणाचं कशात मन नव्हतं. घरात हालिनानं त्यांच्या तसबिरीला काळी फीत बांधली, ती अजून काढू देत नाही.

समिती फुटली. दहा शहाणे आठवडेच्या आठवडे बसले आणि एक रेघ मारू शकले नाहीत. का, ते मी ऐकून आलोय. तुमचे पाच म्हणत होते की एवढ्या लांबलचक मतपत्रिकेला शिकागोवाले भितील आणि वाकतील. आमचे पाच म्हणत होते, गावाकडचे भितील आणि वाकतील. शेवटच्या दिवसापर्यंत दोन्ही बाजू समोरच्याच्या घाबरण्याची वाट बघत बसल्या. घाबरलं कुणीच नाही, आणि वेळ संपली.

तू सांगितलंस म्हणून मी बोललो होतो रे. आमच्या वॉर्डातल्या पक्षाच्या साहेबांना भेटलो. म्हटलं, राज्याच्या खालच्या अंगाचे एक-दोन मतदारसंघ त्यांना सोडले तर आपलं काय जातं? ते म्हणाले, “पाझ्द्रो, तुझा बाप कत्तलखान्यात सुऱ्या धुवायचा. तू आता सभागृहात बसतोस. बसायचं की बोलायचं, ते ठरव.” मी बसलो. तू माझ्या जागी असतास तर बोलला असतास, हे मला माहीत आहे. म्हणून तर तुला पत्र लिहायला आजवर धीर होत नव्हता.

बर्निसला नाताळच्या शुभेच्छा. सॉसेज वेगळं पाठवलंय, ते पक्षाचं नाही, घरचं आहे.
झिग्मुंट


ड्राय फोर्क
२२ जून १९६४

प्रिय झिग्गी,

सॉसेज नाताळलाच संपलं आणि आभार जूनमध्ये मानतोय. बसलास ते बरं केलंस. दोघंही घरी बसलो असतो तर मिसेस क्विगलीचं भाडं कुणी दिलं असतं?

आमच्या पक्षाच्या यादीत माझं नाव आलं. पेपरवाल्यांनी हिशेब केलाय तसा प्रत्येक पक्षाचे एकशे अठरा उमेदवार, म्हणजे पत्रिकेवर दोनशे छत्तीस नावं. हरणाऱ्या पक्षालाही एकोणसाठ जागा मिळाव्यात म्हणून ही मर्यादा. पण ते एकोणसाठ कोण? ज्यांना जास्त मतं पडतील ते. आणि मतं कुणाला पडणार? ज्याचं आडनाव लोकांनी कुठेतरी वाचलंय त्याला. आमच्या यादीत बँकवाले आहेत, कॉलेजचे अध्यक्ष आहेत, मोठ्या माणसांचे नातेवाईक आहेत. त्यांत मी म्हणजे पीचवाला ट्रीस.

प्रचार कुठे करू सांग. राज्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला मला दिवस लागतो. मागच्या आठवड्यात पिओरियाला गेलो, एका जत्रेत उभा राहिलो. एका बाईनं विचारलं, तुम्ही कुठले? सांगितलं. ती म्हणाली, मग तिथल्या लोकांकडे मत मागा ना. तिचं काय चुकलं?

दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. हा तर लाखो घरचा पाहुणा. आमच्या लोकांना मात्र काळजी नाही. पलीकडच्या काठावरची गोल्डी पेनरॉड परवा म्हणाली, “नावं दोनशे असू देत की हजार. मला तुझं तेवढं शोधायचंय.” ऐकून बरं वाटलं.

तुझा,
ऑर्व्हिल


शिकागो
१४ सप्टेंबर १९६४

प्रिय ऑर्व्हिल,

हे पत्र वाचून झालं की चुलीत टाक. बर्निसला दाखवलंस तरी चालेल, ती तुझ्यापेक्षा शहाणी आहे.

नमुना पत्रिका बघितली मी. केशरी कागद, जवळजवळ गजभर लांब. इथे सगळे तिला चादर म्हणतात. हालिनानं ती जेवणाच्या टेबलावर पसरली तर दोन्हीकडून खाली लोंबायला लागली. यंदा राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत आमच्या पक्षाचं वारं असं आहे की आमचे एकशे अठराच्या अठरा येणार. म्हणजे मीही. मी घरी झोपून राहिलो तरी.

आता नीट ऐक. आमच्या वॉर्डात माणूस पक्षाच्या गोलात एक फुली मारतो आणि बाहेर पडतो. त्यानं आमच्या एकशे अठरांना मत दिलं. पण त्याच्याकडे एकूण मतं एकशे सत्त्याहत्तर. एकोणसाठ उरली, ती वाया जातात. त्या उरलेल्यांतून एक फुली ऑर्व्हिल ट्रीसच्या नावापुढे मारली, तर आमच्या पक्षाचं दमडीचं नुकसान नाही. माझे कार्यकर्ते दारोदार जातातच. जाताना तुझं नाव लिहिलेली चिठ्ठी देतील. वॉर्डाचे साहेब दुसरीकडे बघतील, मी त्यांच्याशी बोललोय. या वेळी बोललो.

तुला तुमच्या एकोणसाठांत बसायला जेवढं कमी पडेल, तेवढं आमचा एक वॉर्ड भरून काढील. फक्त हो म्हण. तुला न विचारता मला हे करायचं नाही.

झिग्मुंट


ड्राय फोर्क
१९ सप्टेंबर १९६४

झिग्मुंट,

पत्र चुलीत टाकलं.

तुझा हेतू चांगला असेल. पण तुझ्या वॉर्डातल्या ज्या माणसानं मला कधी बघितलं नाही, ज्याला ड्राय फोर्क नदी आहे की डोंगर हे माहीत नाही, तो कार्यकर्त्यानं हातात चिठ्ठी दिली म्हणून माझ्यापुढे फुली मारणार. मग मी स्प्रिंगफिल्डला जाऊन कुणाचा प्रतिनिधी म्हणून बसू? तुझ्या साहेबांचा? उद्या त्यांनी तुला विचारलं तसंच मलाही विचारलं, बसायचं की बोलायचं, तर काय सांगू?

वीस वर्षं मला माझ्या लोकांनी निवडलंय. या वेळीही त्यांनीच निवडावं, नाहीतर नको. उष्ट्यावर पोट भरायची आम्हाला सवय नाही.

तेव्हा नको.
ऑर्व्हिल ट्रीस


शिकागो
१२ डिसेंबर १९६४

प्रिय ऑर्व्हिल,

तुझ्या सप्टेंबरच्या पत्राला उत्तर दिलं नाही. लागलं होतं. ‘उष्टं’ हा शब्द हालिनाला वाचून दाखवला नाही.

मतमोजणी महिनाभर चालली आणि आता आकडे पक्के झालेत. मी आलो. एकाही माणसाला कॉफी पाजली नाही, एकही भाषण केलं नाही, आणि मला वीस लाखांच्या वर मतं. ती माझी आहेत असं मला एक क्षणही वाटलं नाही. आमच्यातले काही जण असे आलेत की ज्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटतंय. तुमचे एकोणसाठ म्हणजे तू म्हणाला होतास तेच, आडनाववाले.

तुझं नाव फार खाली शोधावं लागलं नाही. तू एकोणसाठांच्या रेघेच्या जरासाच खाली आहेस. किती कमी पडली ते मी बघितलं, आणि आमच्या वॉर्डाची मतं शेजारी ठेवून बघितली. पुढचं लिहीत नाही. तू नको म्हणालास, मी ऐकलं. मित्राचा शब्द पाळल्याचा असा पस्तावा मला याआधी कधी झाला नव्हता.

मिसेस क्विगलीनं विचारलंय, दुसरी कॉट ठेवू की काढू? मी सांगितलं, राहू दे.

झिग्गी


ड्राय फोर्क
२० डिसेंबर १९६४

प्रिय झिग्गी,

त्या शब्दाबद्दल मला माफ कर. हालिनाला दाखवला नाहीस हे माझ्यावर उपकार.

मतदानाच्या रात्री इथे शाळेत काय झालं ते मी कुणाला लिहिलेलं नाही. मोजणी बघायला मी मागच्या बाकावर बसलो होतो. मोजणाऱ्यांत बर्निसची मामेबहीण इव्हलिन होती. तिनं पहिली पत्रिका उघडली, खालपर्यंत बघितली, आणि बाजूला ठेवली. दुसरी उघडली, तीही बाजूला. मग तिनं माझ्याकडे बघितलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पत्रिकेवर कुठेही फुली नव्हती. फक्त माझ्या नावापुढे पेन्सिलीनं, जरा ठसठशीत, ‘३’.

यंदा तीन मतांचा नियमच नव्हता. एका उमेदवाराला एक फुली, आणि फुलीशिवाय दुसरी खूण केली की पत्रिका बाद. सूचना पत्रिकेच्या डोक्यावर छापलेली होती. पण आमच्या म्हाताऱ्या माणसांनी ती कशाला वाचावी? मी शिकवलेलं त्यांना पुरेसं होतं. मी पिओरियाला गेलो, डेकेटरला गेलो, परक्यांपुढे टोपी काढून उभा राहिलो. आपल्याच शेजाऱ्यांना ‘या वेळी फुली मारा’ एवढं सांगायचं मला सुचलंच नाही. त्यांची मतं मी धरूनच चाललो होतो.

गोल्डीची पत्रिका मी ओळखली. तिचा ‘३’ वर सपाट असतो. तिनं त्या चादरीत माझं नाव शोधायला चष्म्यावर भिंग धरलं होतं असं ती सगळ्यांना सांगत असते. तिला मी अजून सांगितलेलं नाही. आमच्या लोकांनी मला तीन-तीन दिली झिग्गी, आणि पदरात पडलं शून्य.

आमच्या तीन-चार जिल्ह्यांत मिळून अशी बाद मतं किती, देव जाणे. ती धरूनही मी कदाचित रेघेच्या खालीच राहिलो असतो. तुझा वॉर्ड मिळून वर आलो असतो. मला माझ्या लोकांनी निवडायला हवं होतं ना? त्यांनी निवडलं होतं. वर थोडी तुमची मतं घेतली असती तर माझं इमान काही झिजलं नसतं.

असो. आता एक काम. कायद्यानं तू अख्ख्या राज्याचा प्रतिनिधी, म्हणजे आमचाही. पुलाचे सगळे कागद, इंजिनिअरचा अहवाल आणि बसच्या ड्रायव्हरचं पत्र वेगळ्या पाकिटात पाठवतोय. मला तुझ्याकडे मागायला संकोच वाटतोय, पण पलीकडच्या मुलांना माझ्या संकोचाशी देणंघेणं नाही.

कॉट काढायला सांग.
ऑर्व्हिल


स्प्रिंगफिल्ड
१८ मे १९६५

प्रिय ऑर्व्हिल,

पूल हातचा गेला. आधी हेच सांगतो, मग कसं ते.

या सभागृहाची गंमत अशी की इथे सगळे सगळ्यांचे आहेत. दर आठवड्याला पोस्टमन पोतंभर पत्रं आणतो. एकेका माणसानं तीच मागणी एकशे सत्त्याहत्तर जणांना पाठवलेली असते, आणि प्रत्येक जण समजतो की दुसरा कुणीतरी बघेल. पूर्वी तू उठायचास तेव्हा सगळ्यांना कळायचं, ट्रीस उठला म्हणजे पूल. आम्ही हसायचो, पण पुलाला तोंड होतं.

तुझे कागद मी पाठ केले. खर्च समितीपुढे आकडा आला तेव्हा अध्यक्षांनी विचारलं, हा पूल कुणाचा? कुणी बोललं नाही. मी उभा राहिलो. म्हटलं, माझा. मग मी बस, मुलं, कुजलेल्या फळ्या, सगळं सांगितलं, आणि मला वाटतं बरं सांगितलं. तेव्हा नव्यांपैकी एक जण, मोठ्या घरचा, चेहरा साधा, वाईट माणूस नाही, त्यानं विचारलं:

“मिस्टर पाझ्द्रो, तुम्ही हा पूल पाहिलाय का?”

ऑर्व्हिल, तुझ्याबरोबर मी दहा वर्षं एका खोलीत झोपलो. तू दर उन्हाळ्यात म्हणायचास, ये, पीच खायला ये. मी दरवेळी म्हणायचो, पुढच्या वर्षी. मला तुझी बाग माहीत आहे, बर्निसचा आवाज माहीत आहे, गोल्डी पेनरॉडचं भिंग माहीत आहे. आणि पूल?

मी म्हणालो, “नाही. पाहिलेला नाही.”

कुणीतरी हसलं. तो नवा सदस्य म्हणाला की शिकागोच्या माणसानं इतक्या लांबच्या पुलासाठी का उभं राहावं, यामागे काही देवाणघेवाण असेल तर समितीला कळायला हवी. झालं. पूल खालच्या यादीत गेला, आणि खालची यादी काल रद्द झाली.

हालिना म्हणते, हो म्हणायचं होतंस. खोटं बोलायला माझी कधी ना नव्हती, तुला माहीत आहे. पण तुझ्या पुलाबद्दल जीभ वळली नाही. माझ्या जागी तू असायला हवा होतास. ती जागाच तुझी होती.

झिग्गी


ड्राय फोर्क
२ जून १९६५

प्रिय झिग्गी,

तू उभा राहिलास. त्या खोलीत दुसरं कुणी उभं राहिलं नाही, आणि हे मी बर्निसला दोनदा वाचून दाखवलं. बाकीचं मनाला लावून घेऊ नकोस.

तुझं पत्र येण्याच्या आधीच इथला निकाल लागला होता. एप्रिलच्या पुरानंतर जिल्ह्याच्या इंजिनिअरनं पूल बंद केला आणि कुणी हौशीनं गाडी घालू नये म्हणून मधल्या फळ्या काढून घेतल्या. कुणाला इजा झाली नाही, देवाची कृपा. पण पलीकडच्या मुलांची शाळेची बस बंद झाली. पेनरॉडांची दोन नातवंडं आता गावात मावशीकडे राहतात आणि शनिवारी घरी जातात. धाकटं सहा वर्षांचं आहे. सोमवारी सकाळी त्याला परत गावात नेतात तेव्हा ते पलीकडच्या घरापासूनच रडत निघतं. मी बागेत असतो, मला ऐकू येतं.

पुढच्या वर्षी पुन्हा मतदारसंघ होणार, कोर्ट नकाशा आखून घेणार, आणि तीन मतंही परत येणार असं म्हणतात. लोक मला उभं राहा म्हणून सांगायला येतात. गोल्डीला अखेर मीच सांगितलं, शाळेतल्या त्या रात्रीचं. माझ्या तोंडून ऐकायचा तिला हक्क होता. ती बराच वेळ भांडी पुसत राहिली. मग म्हणाली, “मग आता किती लिहू, ते आधी सांगून ठेव.” ती रागावली नव्हती झिग्गी, खरंच विचारत होती. रागावली असती तर बरं झालं असतं. मी उभा राहणार नाही. तिच्या दारात पुन्हा मत मागायला जायला मला तोंड नाही.

आता तू ये. या वर्षीच ये, हालिनाला घेऊन ये, पीच जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात उतरतील. पूल तुला दाखवीन, उरलाय तेवढा. आधी आमच्याकडे उतर, मग गोल्डीकडे जेवायला जायचंय. शिकागोहून कुणीतरी आपल्या पुलासाठी उभं राहिलं हे तिला कळल्यापासून ती तुला बोलवायला सांगतेय. तिचं घर आमच्या ओसरीवरून दिसतं, हाक मारली तर ऐकू जाईल इतकं जवळ. पण गाडीनं तिथे पोचायला आधी गावात परत जायचं, हमरस्ता धरायचा, रेल्वेचं फाटक ओलांडायचं आणि टेकडीला वळसा घालून मागून यायचं. पाऊण तास लागेल. वाटेत तू म्हणशील, किती हा फेरा. तेव्हा एवढं आठव. गेल्या सप्टेंबरात मी तुला ‘नको’ लिहिलं होतं, त्याच ‘नको’ला वळसा घालत आपण चाललेले असू.

ऑर्व्हिल